गुदाशयात अडकलेली वस्तू, आतड्याची इजा आणि पोटावरची पिशवी : एका बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या २४ वर्षांच्या भावाच्या गुदमार्गात एक वस्तू अडकली. लाजेपोटी दीड दिवस त्याने घरात कोणालाच सांगितलं नाही, स्वतःच काढायची खटपट करत राहिला. ताप आणि पोटदुखी सुरू झाल्यावर तुम्ही त्याला रात्री रुग्णालयात नेलं. भूल देऊन खालूनच काढतील असं तुम्हाला वाटलं होतं, पण डॉक्टरांनी पोट उघडलं आणि डाव्या बाजूला शौचाची पिशवी लावली. तुमचे प्रश्न असे : एवढं मोठं ऑपरेशन खरंच लागत होतं का, पिशवी कायमची आहे का, रुग्णालयाने पोलिसांना कळवलं त्याचं पुढे काय होणार, आणि आई-बाबांना व त्याच्या ऑफिसला काय सांगायचं.

मी मुंबईत सर्जरी करतो आणि उमेदीची बरीच वर्षं महापालिकेच्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत गेली आहेत. भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्या सर्जनने बरोबर केलं की चूक असा निवाडा मी देणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी पुरेशा बोलक्या आहेत : दीड दिवस आणि ताप. त्यावरून सांगतो की पोट उघडावं लागलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि पिशवी बहुधा तात्पुरती असणार. लोक आधी विचारतात की आत होतं तरी काय. सर्जनला त्यापेक्षा वेगळ्या गोष्टी हव्या असतात. आतड्याची भिंत शाबूत आहे की फाटली, फाटली तर कुठल्या उंचीवर, आणि फाटून किती तास झाले. पुढचं सगळं यावर ठरतं.

उंचीचं म्हणाल तर, गुदद्वाराची नळी असते ३-४ सेंटीमीटरची. तिच्या वर गुदाशय, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर, आणि त्याच्या वर मोठ्या आतड्याचा वळणदार शेवटचा भाग, सिग्मॉइड. गुदाशय सरळ वर जात नाही. पाठीच्या कण्याच्या टोकाचं हाड आतून खोलगट असतं, त्या खोलगटात तो मागे झुकतो आणि वर जाऊन पुन्हा पुढे वळतो. लांब, कडक वस्तू या वाकणात बसते, तिचं वरचं टोक हाडाच्या कडेला टेकतं, आणि मग खालून कितीही ओढलं तरी ती येत नाही. आता पोटाच्या पोकळीचं जे अस्तर असतं, पेरिटोनियम, ते गुदाशयाच्या वरच्या भागाला पुढून आणि बाजूंनी झाकतं, मधल्या भागाला फक्त पुढून, आणि खालच्या भागाला अजिबात नाही. पुरुषांत पुढच्या बाजूला हे अस्तर गुदद्वारापासून साधारण ७ ते ९ सेंटीमीटरवर उलटून वळतं, बायकांत त्याहून थोडं खाली.

एवढ्या तपशिलात जायचं कारण असं की भोक या रेषेच्या वर पडलं तर मळ आणि जंतू थेट पोटाच्या पोकळीत सांडतात. काही तासांत पोट ताठ होतं, रुग्ण हात लावू देत नाही, नाडी धावायला लागते, ताप येतो. भोक रेषेच्या खाली पडलं तर घाण पोटात जात नाही, गुदाशयाभोवतीच्या चरबीत मुरते. पोट मऊच राहतं. रुग्ण चालत येतो आणि ‘थोडं दुखतंय’ एवढंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी कमरेत, पुठ्ठ्यात खोल ठणका, थंडी वाजून ताप, लघवी अडकणं असं सुरू होतं, तोवर आत पू पसरलेला असतो. मला या दुसऱ्या प्रकाराची धास्ती जास्त वाटते, कारण पोट तपासून तो कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये गुदाशयाच्या बाहेर हवेचे बुडबुडे दिसतात तेव्हा कळतो.

असा रुग्ण कॅज्युअल्टीत कसा येतो ते सांगतो. तो खुर्चीवर बसत नाही. भिंतीला टेकून उभा राहतो, किंवा बसलाच तर एका कुल्ल्यावर. केसपेपरवर ‘पोटात दुखतं’ लिहिलेलं असतं. सोबत आलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं. विचारलं तर ‘बाथरूममध्ये पाय घसरला आणि त्यावर बसलो’ असं उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. माझं निवासी डॉक्टरांना कायम सांगणं असतं की त्या गोष्टीला आव्हान देऊ नका, तिचा पाठपुरावाही करू नका. पडदा ओढा, नातेवाइकांना बाहेर पाठवा आणि उपचारापुरतं विचारा : वस्तू कशाची आहे, काचेची की प्लास्टिकची, टोकदार आहे का, रुंद बाजू वर आहे की खाली, किती वाजता झालं, काढायला काय काय केलं, रक्त गेलं का, लघवी होते का. आणि हे दुसऱ्या कोणी बळजबरीने केलं आहे का, हेही एकट्यात, शांतपणे विचारायचं. यापलीकडचं कुतूहल डॉक्टरने दाराबाहेर ठेवावं.

एक गोष्ट मी जोर देऊन लिहितो, कारण ती मला मनापासून लागते. अशा रुग्णांचे एक्स-रे मोबाइलवर टिपून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवले जातात, खाली हसण्याची चिन्हं टाकली जातात. नाव खोडलेलं असलं तरी हा रुग्णाचा विश्वासघात आहे. असा एखादा फोटो पाहिलेला मुलगा उद्या स्वतः अडचणीत आला तर रुग्णालयात येणारच नाही, घरीच सांडशी घेऊन बसेल. तुमच्या भावाने दीड दिवस तोंड मिटून काढला त्याची मुळं अशाच ठिकाणी आहेत.

तपासणीत एक्स-रे आधी आणि बोटाने तपासणी नंतर, हा क्रम पाळायचा. आत फुटकी काच किंवा टोकदार धातू असेल तर रुग्णालाही इजा वाढते आणि डॉक्टरचंही बोट कापतं. ओटीपोटाचा समोरून आणि बाजूने एक्स-रे, शिवाय उभ्याने छातीचा. छातीच्या एक्स-रेत डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, हवेची चंद्रकोर दिसली की आतडं फुटलं यात शंका उरत नाही. मात्र ती दिसली नाही म्हणून फुटलेलं नाही असं म्हणता येत नाही. प्लास्टिक, लाकूड, भाजी एक्स-रेत नीट दिसत नाहीत, तिथे सीटी लागतो. पोट ताठ असेल, रक्तदाब घसरत असेल तर सीटीसाठीही वेळ घालवायचा नाही. सलाइन, अँटिबायोटिक, रक्ताची सोय आणि थेट ऑपरेशन थिएटर.

आता ज्यांचं आतडं शाबूत आहे त्यांच्याबद्दल, कारण असेच रुग्ण संख्येने जास्त असतात. त्यांतल्या बहुतेकांची वस्तू पोट न उघडता खालूनच निघते. अट एकच, घाई आणि जोर नको. वस्तू बोटाला लागत असेल, रुग्ण शांत असेल तर जागा बधिर करून, झोपेचं इंजेक्शन देऊन काम होऊ शकतं. पण गुदद्वाराचा स्नायू घाबरलेल्या माणसात घट्ट आवळलेला असतो आणि तासन्‌तासांच्या खटपटीने सुजलेला असतो. त्यामुळे माझा कल सरळ थिएटरमध्ये नेऊन कमरेत भूल देण्याकडे असतो. स्पायनल चढला की स्नायू सैल पडतो आणि अर्धं काम तिथेच होतं. पाय वर बांधतात, एक सहकारी बेंबीखाली हाताने दाबून वस्तू खाली ढकलतो, दुसरा खालून धरतो.

खरी अडचण बाटलीसारख्या किंवा पोकळ वस्तूंची. एकात एक बसलेली स्टीलची भांडी ओढून निघत नाहीत, तसं इथे होतं. वस्तूच्या वर आतड्याची भिंत चिकटून निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) तयार होते, आणि ओढलं की वरचं आतडंच खाली खेचलं जातं. अशा वेळी लघवीची साधी फोलीची नळी उपयोगी पडते. चांगली वंगण लावलेली नळी वस्तूच्या कडेने, भिंतीला लागून हळूच वर सरकवायची. टोक वस्तूच्या पलीकडे गेलं की नळीतून हवा सोडायची. पोकळी मोडते, आणि हाताला ते कळतं, वस्तू एकदम मोकळी झाल्यासारखी हलते. मग नळीच्या टोकाचा फुगा फुगवायचा आणि नळी सावकाश ओढायची. कधी दोन-तीन बाजूंनी तीन नळ्या लावाव्या लागतात. गोल, गुळगुळीत वस्तूला बाळंतपणात वापरतात तो व्हॅक्यूमचा कप किंवा फोर्सेप लावून काढल्याचंही सर्जनना ठाऊक आहे. काचेच्या वस्तूला मात्र चिमटा लावायचा नाही. बल्ब आतच फुटला तर साधं प्रकरण क्षणात गंभीर होतं. वस्तू वर, सिग्मॉइडपाशी असेल तर दुर्बिणीतून फास टाकून पाहता येतं. मुळात गुदद्वारापासून १० सेंटीमीटरच्या वर बसलेल्या वस्तू खालून निघायला अवघड असतात आणि त्यांना ऑपरेशन लागण्याची शक्यता वाढते.

वस्तू निघाली की रुग्णही सुटकेचा श्वास टाकतो आणि डॉक्टरही. चूक होते ती इथे. वस्तू काढल्यावर त्याच भुलेत दुर्बीण घालून आतली भिंत पाहिल्याशिवाय रुग्णाला टेबलावरून उतरवू नये, असं माझं ठाम मत आहे. वरवरचं खरचटणं असेल तर काही करावं लागत नाही. पण एखादी खोल चीर तेव्हाच दिसली तर तेव्हाच शिवता येते. आणि त्यानंतरही रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवायचं, पोट पुन्हा पुन्हा तपासायचं, गरज वाटली तर एक्स-रे पुन्हा काढायचा. ‘निघालं ना, मग घरी जातो’ म्हणणारा रुग्ण रात्रीच्या लोकलने घरी गेला आणि पहाटे ताप भरला तर तो लाजून परत येत नाही, ही भीती मला असते.

खालून निघालीच नाही तर पोटातून जावं लागतं, दुर्बिणीने किंवा चिरा देऊन. तिथेही पहिला प्रयत्न आतडं न कापता वस्तू वरून अलगद खाली सरकवण्याचाच असतो, खाली दुसरा सर्जन तयार उभा असतो. ते साधलं नाही तर आतड्याच्या निरोगी भागावर छेद देऊन वस्तू काढायची आणि छेद शिवायचा. यात आतडं आधी फुटलेलं नसेल तर पिशवी सहसा लागत नाही.

आतडं फुटलेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तुमच्या भावाची गोष्ट बहुधा हीच असावी. भोक लहान, कडा ताज्या, मळ फारसा सांडलेला नाही, रुग्णाचा रक्तदाब स्थिर आणि काही तासच झालेले, तर आजचा सर्जन भोक शिवून, पोट कोमट सलाइनने धुऊन मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात असं नव्हतं. मोठ्या आतड्याची जखम शिवून पोट बंद केलेल्या सैनिकांचे मृत्यू पाहून १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने आतडं पोटावर बाहेर काढणं सक्तीचं केलं. तो नियम नागरी रुग्णालयांतही मुरला. तिथून सुटका व्हायला दशकं गेली. १९७९ मध्ये स्टोन आणि फेबियन यांनी रुग्ण निवडून केलेल्या तुलनेत दाखवलं की योग्य रुग्णात थेट शिवणं सुरक्षित असतं. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या जखमांना व्हिएतनाम युद्धापासून पिशवी, मागच्या बाजूने निचऱ्याची नळी आणि खालचं आतडं धुणं असा सगळा संच लावायची पद्धत होती. आता अस्तराबाहेरच्या, फार न चिंधडलेल्या जखमांना वर पिशवी करून मळाचा रस्ता वळवावा, पण निचऱ्याची नळी आणि धुणं सरसकट करू नये, अशी शिफारस अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनच्या संघटनेने २०१६ मध्ये केली आहे.

दीड दिवसाने आलेल्या माणसाचं आतडं आतून सुजलेलं, पिचपिचीत झालेलं असतं. टाका घेतला तर टाकाच कापत जातो. भोवती पू आणि मळ असतो, रक्तदाब औषधांवर धरलेला असतो. अशा भिंतीत घातलेले टाके पाच-सहा दिवसांनी उसवले तर दुसऱ्यांदा पोट उघडावं लागतं, आणि तेव्हा माणूस वाचेल याची खात्री देता येत नाही. म्हणून मळ वरच्या वर पिशवीत वळवायचा आणि खालच्या आतड्याला भरून यायला वेळ द्यायचा. पिशवीमुळे तुम्हाला धक्का बसला, ते साहजिक आहे. पण मी तुमच्या भावाचा सर्जन असतो आणि आत असं चित्र दिसलं असतं, तर मीही पिशवीच केली असती.

आता ती कायमची का? डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर ‘लूप कोलोस्टोमी’ लिहिलं आहे की ‘हार्टमन्स’, हे महत्त्वाचं आहे. लूपमध्ये आतड्याचा वेढा नुसता बाहेर काढून उघडलेला असतो, दोन्ही तोंडं जवळजवळ असतात, आणि तो बंद करायचं ऑपरेशन त्यामानाने लहान. हार्टमन्समध्ये खराब आतडं कापून टाकलेलं असतं, वरचं तोंड पोटावर आणि खालचा बुंधा आत शिवून बंद. ते पुन्हा जोडायला पोटात जावं लागतं, ते मोठं काम आहे. दोन्ही गोष्टी तरुण, तब्येतीने धडधाकट माणसात होतात. निदान दोन-तीन महिने जाऊ देतात, कारण आतले चिकटलेले थर सुटायला आणि अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढतात, गळती नाही ना, अरुंद झालं नाही ना ते पाहतात, आणि गुदद्वाराच्या स्नायूची ताकद तपासतात. ही शेवटची तपासणी कोणी विसरलं तर तुम्ही आठवण करून द्या. स्नायू फाटलेला असेल आणि पिशवी बंद केली तर मळ आवरत नाही. स्नायूची जखम जंतुसंसर्गाच्या वेळी शिवत नाहीत, सूज पूर्ण उतरल्यावर गुदद्वाराची सोनोग्राफी करून, लागली तरच दुरुस्त करतात. ती पिशवी असतानाच उरकलेली बरी.

तोवर पिशवीशी जमवून घ्यावं लागेल. आतड्याचं तोंड लालसर, ओलसर दिसायला हवं. ते निळं-काळं पडलं, आत ओढलं गेलं, किंवा पोट फुगून पिशवीत काहीच येईनासं झालं तर दुसऱ्या दिवसाची ओपीडी धरू नका, त्याच वेळी जा. पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करायची, गच्च भरू दिली तर सुटते. चकतीचं भोक तोंडाच्या मापानेच कापायचं, मोठं कापलं तर मळ त्वचेला लागून आग होते. खालून, नेहमीच्या जागेतून अधूनमधून शेंबडासारखा स्राव जातो, तो आतड्याचा स्वतःचा असतो, त्याला घाबरू नका. जड उचलणं टाळा. पिशवीची काळजी शिकवणाऱ्या प्रशिक्षित सिस्टर परळच्या टाटा रुग्णालयात आहेत, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी असलेल्यांची संस्थाही मुंबईतच आहे. पिशव्यांचा खर्च झेपत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात स्पष्ट सांगा, मार्ग निघतो.

या विषयावर लिहिताना सगळं लैंगिकतेशीच जोडलं जातं, ते बरोबर नाही. मासे खाणाऱ्या या शहरात गिळलेला काटा सगळं आतडं पार करून शेवटी गुदद्वारापाशी रुततो आणि तिथे गळू होतं, हे आम्ही पाहतो. बद्धकोष्ठाने हैराण झालेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी एनिमा देताना नळीचं टोक भिंतीत घुसतं. पोटात अमली पदार्थांच्या पुड्या लपवून विमानतळावर पकडले गेलेले लोक आणले जातात. त्यांच्यात चिमटा लावून ओढाओढ करायची नसते, पुडी फुटली तर त्या अमली पदार्थाच्या मात्रेनेच जीव जातो.

आणि एक प्रकार असा आहे ज्याबद्दल मला कामगारांशी, गॅरेजमालकांशी ओरडून बोलावंसं वाटतं : कॉम्प्रेसरची हवा. साकीनाका, भिवंडी, वसईकडचे कारखाने, गॅरेज, लूम, सगळीकडे अंगावरची धूळ उडवायला हवेचा पाइप असतो. मस्करीत कोणी तो मित्राच्या मागच्या बाजूला धरतो, कधी पॅंटवरूनच. कॉम्प्रेसरचा दाब १०० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असतो, आणि आतडं फाटायला साधारण ४ पीएसआय पुरतात. पाइप आत जावा लागत नाही. हवा कपड्यातून, आवळलेल्या स्नायूतून आत घुसते आणि गुदाशयाच्या वरच्या वळणावर आतडं टरकन फाटतं. माणूस जागच्या जागी कळवळतो, पोट टम्म फुगतं, डायफ्राम वर ढकलला जाऊन श्वास घेता येत नाही. अशा वेळी आम्ही आधी पोटात जाड सुई खुपसून हवा सोडतो, तेवढ्याने श्वास सुरू होतो, मग थिएटर. पोट उघडल्यावर एकच फाटलेली जागा दिसली म्हणून थांबायचं नाही. संपूर्ण मोठं आतडं हातातून काढून बघायचं, कारण वरचा थर अनेक ठिकाणी लांबच लांब तडकलेला असतो. हे मी तरुण, अंगमेहनतीच्या मुलांमध्ये पाहिलं आहे, आणि पाइप धरणाराही तितकाच लहान, रडत बाहेर उभा असतो. जिथे कॉम्प्रेसर आहे तिथे मालकाने पहिल्याच दिवशी नव्या मुलाला हे सांगायला हवं.

हे वाचणाऱ्यांत कोणी आत्ता या अवस्थेत असेल तर त्याच्यासाठी : जुलाबाचं औषध घेऊ नका, एनिमा घेऊ नका, चमचा, सांडशी, तार असलं काही आत घालू नका. वस्तू वर ढकलली जाते आणि भिंत फाटते ती अशानेच. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. यांपैकी जे जवळ असेल तिथे चोवीस तास सर्जन असतो. दुखणं, ताप, रक्त यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा, लोकलच्या गर्दीत उभं राहून येऊ नका. आत काही वापरायचंच असेल तर काच कधीही नाही, आणि ज्याचं बूड रुंद आहे, जे आत सरकू शकत नाही, असंच. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण याने ऑपरेशन टळतं.

पोलिसांचं. इजा संशयास्पद वाटली तर रुग्णालय मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करतं, ही कामकाजाची पद्धत आहे, तुमच्या भावावरचा आरोप नाही. सज्ञान माणसांनी संमतीने खासगीत केलेली कृती गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंह जोहर निकालात सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातलं ‘अनैसर्गिक’ संबंधांबद्दलचं ३७७ कलमच नाही. पोलीस आले तर त्याने जे घडलं ते सांगावं. उपचार नोंदीसाठी थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयात परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच ठरलं आहे. मात्र रुग्ण १८ वर्षांखालचा असेल आणि अत्याचाराचा संशय असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही. आणि कोणी बळजबरी केली असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नका, तसेच घेऊन या.

त्याच्या मनाचंही बघा, ताई. घडल्या प्रकारापेक्षा लोकांना कळेल या भीतीने असे रुग्ण जास्त खचतात. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फोनवर मिळते, मराठीतही बोलता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न. तो सज्ञान आहे, त्यामुळे आई-बाबांना काय सांगायचं हे त्याने ठरवायचं, तुम्ही नाही आणि डॉक्टरनेही नाही. ‘आतड्याला भोक पडलं होतं, पोटात पू झाला, म्हणून ऑपरेशन करावं लागलं’ हे अक्षरशः खरं आहे आणि तेवढं पुरतं. ऑफिससाठीच्या सर्टिफिकेटवर ‘पोटाची तातडीची शस्त्रक्रिया’ एवढंच लिहावं आणि विश्रांतीचा काळ नमूद करावा, अशी त्याच्या डॉक्टरांना विनंती करा, ते नाही म्हणणार नाहीत. मेडिक्लेम करायचा असेल तर मात्र कंपनी पूर्ण केसपेपर मागते, त्यात सगळं असतं. ऑफिसचा सामूहिक विमा असेल तर कागद एचआरच्या हातून न जाता थेट विमा कंपनीकडे किंवा टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवता येतील का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.